कौलं उतरवा, पण फेकू नका : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात कॅलिफोर्नियातल्या स्पॅनिश रिव्हायव्हल घरांबद्दल लिहिलं होतं, म्हणजे ती १९२० च्या दशकातली पांढऱ्या गिलाव्याची, लाल कौलांची, कमानी आणि लोखंडी जाळ्यांची घरं. त्यावर तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांची बरीच पत्रं आली. जुन्या घरांच्या रिस्टोरेशनचं काम मी बरीच वर्षं करतेय, त्यामुळे जमतील तेवढी उत्तरं देते, काही लांब झालीत ते समजून घ्या.

प्रश्न : ताई, आम्ही सॅन डिएगोच्या मिशन हिल्समध्ये १९२७ सालचं घर घेतलंय. आधीच्या आजी-आजोबांनी एकेक खोली करत इतक्या प्रेमानं ते रिस्टोअर केलंय की दारांच्या कड्यासुद्धा मूळच्याच आहेत. पण या पावसात जेवणाच्या खोलीच्या छताला ओलीचा डाग पडला. रूफर म्हणतो कौलं शंभरीला आली, सगळी काढून हलकी काँक्रीटची टाकू. नवरा तयार आहे, माझं मन होत नाहीये.

मन होत नाहीये ते अगदी बरोबर आहे, अजून सही करू नका.

पहिली गोष्ट, गळतंय म्हणजे कौलं गेली असं नसतं. भाजलेल्या मातीचं चांगलं कौल शंभर वर्षं आरामात टिकतं. कौलं ऊन झेलतात, बरंचसं पाणी वरच्या वर काढून देतात, पण पाणी खरं अडवतो तो त्यांच्या खालचा डांबरी फेल्ट, म्हणजे डांबर लावलेला जाड कागद, ज्याला रूफर अंडरलेमेंट म्हणतात. त्याचं आयुष्य साधारण वीस-तीस वर्षं, मग तो वाळून कडक होतो, खिळ्यांपाशी फाटतो आणि पहिल्या मोठ्या पावसात डाग दिसतो. म्हणजे बदलायचा आहे तो कागद. या कामाला तिकडे लिफ्ट अँड रीले म्हणतात, कौलं जपून उतरवायची, खाली नवा फेल्ट आणि नवं फ्लॅशिंग, म्हणजे सांध्यांवरचा पाणी अडवणारा पत्रा (शक्य असेल तर तांब्याचा), आणि तीच कौलं परत चढवायची. मजुरी जास्त पडते आणि वेळ लागतो, म्हणून बरेच जण हा पर्याय सांगतच नाहीत. ज्यांनी जुन्या कौलांचं असं काम केलंय अशा दोघातिघांकडून तरी कोटेशन घ्या आणि त्यांनी केलेली छपरं स्वतः जाऊन बघून या.

दुसरी गोष्ट, सगळं छप्पर उघडायची गरज आहे का हे आधी बघा. या घरांत बऱ्याचदा अर्धं छप्पर उतरतं असतं आणि अर्धं सपाट, कठड्याच्या मागे लपलेलं, आणि माझ्या अनुभवात गळती जास्त करून त्या सपाट भागातून, नाहीतर दोन उतार मिळतात त्या खोबणीतून, नाहीतर चिमणीच्या बुडातून येते. सपाट भागाचं पाणी कठड्यातल्या लहानशा भोकांतून बाहेर पडतं, तिथे पानं साचली की पाणी तुंबतं आणि मग कुठूनही मुरतं. डाग जेवणाच्या खोलीत असला तरी पाणी वरच्या वाशावरून सहा-आठ फूट चालत आलेलं असू शकतं. कोरड्या दिवशी एकाला आत टॉर्च घेऊन बसवा आणि दुसऱ्याने होजने खालून वर, एकेक भाग भिजवत जायचं, घाई न करता, प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं तरी. एकदम शेंड्यावर पाणी सोडलं तर काहीच कळत नाही. होज धरणाऱ्याने शिडीवरूनच काम करायचं, कौलांवर पाय ठेवायचा नाही, एकतर ती फुटतात आणि माणूस पडतो ते वेगळंच.

आता काम करायचं ठरलंच तर हे नीट ऐका. तुमची कौलं नळीची असतील, म्हणजे एक उताणं आणि त्यावर एक पालथं. उतरवताना काही फुटणारच. जी नवीन आणाल ती उताण्याच्या जागी घालायला सांगा, कारण तिथे ती झाकली जातात, आणि मूळची सगळी पालथी, वर दिसतील अशी लावायची. रस्त्यावरून बघणाऱ्याला छप्पर जसंच्या तसं दिसतं. जुन्या कौलांत एक फिकट, एक भाजून काळपट, एक केशरी असा जो रंगांचा मेळ असतो तो एकाच रंगाच्या नव्या लॉटमध्ये कधीच येत नाही. वळचणीला कौलांखाली चुन्या-सिमेंटचे गोळे भरून ती मुद्दाम थोडी वाकडीतिकडी उचललेली असतील, तर उतरवण्याआधी फोटो काढून ठेवा, नाहीतर नवा माणूस सगळं दोरीत सरळ करून देईल आणि घराचा चेहराच जाईल. गॅरेजच्या मागे, झाडीत, जुन्या कौलांची चवड आहे का तेही बघा, असे जपणारे मालक सहसा सुटी कौलं ठेवून जातात. आणि एखाद्या कौलाच्या पाठीवर छाप सापडला तर तो लिहून ठेवा, कारण त्यावरून बनवणारा कळतो. लिंकन गावातली १८७५ सालची ग्लॅडिंग मॅक्बीन ही कंपनी तर अजूनही मातीची कौलं बनवते.

वजनाचं म्हणाल तर मातीची कौलं जड असतात, शंभर चौरस फुटाला हजार पाउंडांच्या आसपास, पण तुमचं घर त्याच वजनासाठी बांधलेलं आहे. वाशांना वाळवी किंवा कूज नसेल तर फक्त वजन कमी करायचं म्हणून कौलं काढायला काही कारण नाही.

प्रश्न : बाहेरचा गिलावा पोपडे धरतोय. पेंटर म्हणतो रबरासारखा जाड पेंट देतो, दहा वर्षं बघायला नको. देऊ का?

नको. त्याला इलॅस्टोमेरिक पेंट म्हणतात, तो भेगा झाकतो हे खरं पण जुनी भिंत त्याच्याखाली गुदमरते. या भिंती लाकडी सांगाड्यावर जाळी मारून तीन थरांत गिलावा केलेल्या असतात, त्यांच्यात थोडी ओल येणार आणि वाळणार हे धरलेलंच आहे. बाहेरून रबरी कातडं चढवलं की आत गेलेलं पाणी आतच राहतं, पेंटला फोड येतात आणि मागचं लाकूड कुजायला लागतं, तेही बाहेरून न दिसता.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. बहुतेक वेळा भिंतीलगत केलेले फुलझाडांचे वाफे आणि भिंतीवर उडणारे स्प्रिंकलर यांच्यातच सापडतं. माती गिलाव्याच्या खालच्या कडेपेक्षा सहा इंच तरी खाली असू दे. मग सुटलेला भाग बोटाच्या पेराने ठोकून बघा, पोकळ आवाज येतो तेवढाच काढायचा, आणि त्याच पोताचा नवा भरायचा. पोत महत्त्वाचा आहे, मूळ गवंड्याने हाताने थापी फिरवलेली असते, उन्हं तिरकी झाली की भिंतीवर तिच्या लाटा दिसतात, आणि शेजारी मशीनने मारलेला खरखरीत पॅच असेल तर तो लांबूनही खुपतो. म्हणून गवंड्याकडून आधी दोन-तीन फुटांचा नमुना करून घ्या आणि सकाळी, संध्याकाळी दोन्ही वेळा बघून मगच हो म्हणा. वरून रंग द्यायचाच तर भिंतीला श्वास घेऊ देणारा, चुन्याचा किंवा सिलिकेटचा. सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा करून भिंत घासणं, कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

प्रश्न : आमचं घर लॉस एंजेलिसच्या एका हिस्टॉरिक झोनमध्ये आहे. लाकडी खिडक्यांतून वारा येतो, व्हायनिलच्या बसवायच्या होत्या तर परवानगी लागेल म्हणतात. स्वतःच्या घराला ही बंधनं कशाला? आणि टॅक्समध्ये सूट मिळते म्हणतात ते खरं का?

लॉस एंजेलिसने हा कायदा १९७९ मध्ये केला, या झोनना एचपीओझेड म्हणतात (हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन ओव्हरले झोन), पहिला झोन अँजेलिनो हाइट्सचा, १९८३ सालचा, आणि आता असे तीसहून जास्त आहेत. तुमच्या बाहेरच्या बाजूला, मुख्यतः रस्त्यावरून दिसणाऱ्या भागाला काही करायचं तर आधी शहराच्या लोकांना दाखवून घ्यावं लागतं. आतलं स्वयंपाकघर, बाथरूम यात ते पडत नाहीत. कशाला म्हणाल तर तुम्ही त्या गल्लीत घर घेतलं ते गल्ली तशी राहिली म्हणूनच ना, ती राहिली कारण आधीच्या सगळ्यांनी हे पाळलं. मला हे बंधन अजिबात जाचक वाटत नाही.

खिडक्यांचं तर मी परवानगी नसती लागत तरी हेच सांगितलं असतं. १९२० च्या दशकातलं लाकूड जुन्या जंगलातल्या मोठ्या झाडांचं, रेषा इतक्या दाट की आज तसं विकत मिळणं अवघड आहे. अशी खिडकी खोलून, कुजलेला तुकडा भरून, पुट्टी नवी करून, कडेने वारा अडवणारी पट्टी (वेदरस्ट्रिप) लावून परत बसवली की अजून कित्येक वर्षं चालते. व्हायनिलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या खिडकीतली दुहेरी काच धुरकटली की सहसा दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. वारा फारच लागत असेल तर आतून दुसरी काच बसवता येते, बाहेरून काही कळत नाही. एक मात्र लक्षात ठेवा, १९७८ च्या आधीच्या घरात जुन्या पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता खूप असते, खिडक्या घासायचं काम लेड-सेफ सर्टिफिकेट असलेल्या माणसाकडूनच करून घ्या, घरात लहान मूल असेल तर त्या दिवसांत दुसरीकडे राहायला जा.

टॅक्सचं खरं आहे. १९७२ चा मिल्स ॲक्ट आहे, त्यात तुम्ही शहराशी निदान दहा वर्षांचा करार करता की घर जपू, ठरलेली दुरुस्ती करू, आणि त्या बदल्यात प्रॉपर्टी टॅक्स नेहमीसारखा खरेदीच्या किमतीवर न लावता घराच्या संभाव्य भाड्याच्या हिशेबाने लावतात. करार दर वर्षी आपोआप एक वर्षाने पुढे सरकतो, पाच वर्षांनी तपासणी होते आणि घर विकलं तर करार नव्या मालकाकडे जातो. पण दोन गोष्टी आधीच बघून घ्या. एक, तुमच्या शहरात ही योजना चालू आहे का, सगळी शहरं देत नाहीत, काही ठिकाणी संख्येवर किंवा किमतीवर मर्यादा असते. दुसरं, तुम्ही घर कधी घेतलं. अलीकडे घेतलं असेल तर अर्ध्याच्या आसपास टॅक्स वाचू शकतो, पण तीस-चाळीस वर्षांपूर्वी घेतलेल्यांचा टॅक्स १९७८ च्या प्रपोझिशन १३ या कायद्यामुळे, म्हणजे टॅक्स जुन्या खरेदीच्या किमतीला धरून राहत असल्यामुळे, आधीच कमी असतो, त्यांना फारसं काही मिळत नाही. आणि वाचलेला पैसा घरातच घालायचा असतो, सरकारने त्यासाठीच सोडलाय तो.

प्रश्न : माझ्या मुलीला शाळेत प्रोजेक्ट आहे. आमच्या गल्लीतली सगळी घरं स्पॅनिश, पण १९२० मध्ये तिथे स्पेनचं राज्य थोडंच होतं?

मुलीला सांगा की प्रश्न छान आहे. स्पेनचं राज्य १८२१ लाच संपलं होतं, मग मेक्सिको आलं, मग १८४८ पासून अमेरिका. ही घरं म्हणजे नंतरच्या लोकांनी ठरवून केलेली आठवण आहे. सॅन डिएगोच्या बाल्बोआ पार्कमध्ये १९१५ ला पनामा-कॅलिफोर्निया एक्स्पोझिशन भरलं, बर्ट्राम गुडह्यू या आर्किटेक्टने तिथे नक्षीदार स्पॅनिश-मेक्सिकन धाटणीच्या इमारती केल्या, लोक बघून हरखून गेले आणि ही लाट सुरू झाली. मग २९ जून १९२५ ला सांता बार्बराला मोठा भूकंप झाला, गावाचा मुख्य रस्ता पडला, आणि पुन्हा बांधताना गावाने ठरवून हीच शैली घेतली, तिथलं १९२९ चं कोर्टहाऊस बघायला मुलीला नक्की न्या, वरच्या मनोऱ्यावरून लाल कौलांचं गाव दिसतं. त्याच १९२५ मध्ये ओली हॅन्सन नावाच्या माणसाने सॅन क्लेमेंटे गाव वसवलं आणि घरं पांढरी, कौलं लाल असा नियमच केला. घरांत दक्षिण स्पेनमधल्या अँडालुसियाचं थोडं, मेक्सिकोचं थोडं, स्पॅनिश धर्मप्रसारकांच्या जुन्या मिशनांचं थोडं, सगळं मिसळलेलं. नकली आहे का असं कुणी विचारलं तर माझं मत आहे, नाही, शंभर वर्षं माणसं राहिली की घराला स्वतःचा इतिहास होतो.

प्रश्न : घर घेताना जुनी कागदपत्रं आली, त्यात एका कलमात चक्क लिहिलंय की गोऱ्यांशिवाय कुणी इथे राहू शकणार नाही, नोकर सोडून. वाचून रात्रभर झोप नाही लागली. याला अजून काही अर्थ आहे का?

कायद्याने काहीही अर्थ नाही, पण झोप न लागणं साहजिक आहे. तेव्हाच्या असंख्य नव्या वस्त्यांत हे कलम होतं. वरून स्पॅनिश कमानी आणि फवारे, आणि ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी मूळच्या मातीच्या भिंती उभ्या केल्या त्या मेक्सिकन आणि मूलनिवासी लोकांना आत प्रवेश नाही, आपल्यासारख्या आशियाई लोकांना नाही, काळ्या लोकांना नाही. १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशी कलमं कोर्टाकडून राबवून घेता येणार नाहीत, आणि १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टने ती बेकायदा झाली. कागदावर मात्र तशीच राहिली.

काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या नोंदणी कार्यालयात, ते कलम काढायचा फॉर्म असतो, रिस्ट्रिक्टिव्ह कव्हनंट मॉडिफिकेशन नावाचा, फी नाही. शिवाय राज्याच्या २०२१ च्या एबी १४६६ कायद्याने काउंट्यांनी स्वतःहून अशी कलमं शोधून झाकायची आहेत, मूळ नोंद त्यांच्याकडे जपून. तुम्ही फॉर्म भरा असंच मी सांगेन. पण त्याआधी त्या पानाची एक प्रत काढून घराच्या फाइलमध्ये ठेवा, कौलांची बिलं आणि जुने नकाशे ठेवता तिथेच. घराचा इतिहास जपायचा म्हणजे फक्त सुंदर तेवढाच नाही, आणि पुढे ज्यांना हे घर द्याल त्यांना कळू दे की हे लिहिलेलं असताना तुम्ही इथे राहिलात.

प्रश्न : फोडणीचा वास आणि धूर पूर्ण घरभर जातो, हूड बसवायचा आहे. नळी बाहेर कुठून काढू? आणि दिवाणखान्यातल्या छोट्या कमानीच्या कोनाड्यात देव ठेवले तर चालतील ना?

रस्त्याच्या बाजूच्या भिंतीला भोक पाडू नका, एवढं एक पाळा. मागच्या भिंतीतून किंवा सपाट छपरातून नळी काढता येते, कौलांतून काढलीत तर गळतीची नवीन जागा तयार होते. त्याआधी स्वयंपाकघरातली जुनी कपाटं नीट उघडून बघा, एखाद्यात पट्ट्यापट्ट्यांच्या किंवा जाळीच्या फळ्या असतील आणि मागे बाहेर उघडणारी जाळी असेल तर तो कूलर आहे, फ्रीज घरोघरी यायच्या आधी खालून गार हवा आत, वरून गरम हवा बाहेर अशी सोय असायची. कित्येकांनी तो झाडूचं कपाट म्हणून तोडून टाकलाय. तुमचा शिल्लक असेल तर कृपया त्यातून हूडची तेलकट नळी घालू नका, कांदे-बटाटे ठेवा, अजूनही मस्त राहतात. आणि हूड चांगल्या ताकदीचा, बाहेर हवा फेकणारा घ्या, नुसती हवा गाळून परत घरात सोडणाऱ्याचा फोडणीपुढे उपयोग नाही.

कोनाडा बहुतेक टेलिफोनचा असेल, तेव्हाच्या घरांत असायचा. देव खुशाल ठेवा, फारच छान जागा आहे. समई मात्र आत नको, पुढे छोट्या पाटावर, कमानीच्या बाहेर, कारण काजळी जुन्या प्लास्टरवर बसली की सहज निघत नाही. आतमध्ये टाइल चिकटवू नका, खिळे मारू नका.

प्रश्न : आई भारतातून सहा महिने येऊन राहते, तिला भूकंपाची फार भीती. शंभर वर्षांच्या घरात कितपत सुरक्षित?

आईंना सांगा की लाकडी सांगाड्याचं घर लवचिक असतं, ते हलतं पण सहसा भुईसपाट होत नाही. धोका वेगळा आहे. त्या काळची बरीच घरं पायावर नुसती ठेवलेली असतात, बोल्टने बांधलेली नसतात, आणि पाया आणि जमिनीच्या फळ्या यांच्यात जी बुटकी लाकडी भिंत असते ती जोरात धक्का बसला की आडवी होते आणि घर खाली घसरतं. त्यामुळे टॉर्च घेऊन घराखालच्या पोकळीत कुणाला तरी उतरवा. बोल्ट नसतील तर बसवून घ्या, आणि त्या बुटक्या भिंतीला आतून प्लायवूड मारून घ्या, काही दिवसांचं काम आहे, घराच्या रूपाला धक्काही लागत नाही. राज्यात अर्थक्वेक ब्रेस अँड बोल्ट नावाची योजना आहे, ठराविक पिनकोडमधल्या १९८० पूर्वीच्या घरांना ३,००० डॉलरपर्यंत मदत मिळते. अर्ज ठराविक दिवसांतच घेतात आणि मंजुरीआधी काम सुरू केलं तर पैसे मिळत नाहीत, हे लक्षात असू दे.

विटांची चिमणी कुणा इंजिनिअरला दाखवा, ती छपराच्या रेषेत तुटते. तोवर आईंचा पलंग चिमणीच्या बाजूला नको. गरम पाण्याची टाकी भिंतीला पट्ट्यांनी बांधलेली आहे का बघा, तिथे तो कायदाच आहे.

प्रश्न : फायरप्लेसच्या टाइल्सवर कुणीतरी पांढरा पेंट मारलाय. काढता येईल का? त्या मौल्यवान असतात म्हणतात.

येईल, बहुतेक वेळा येतो. कोपऱ्यातली एकच टाइल निवडा, आधी वर म्हटलेल्या शिशाची टेस्ट, मग पेंट काढायची सौम्य जेल लावून, प्लास्टिकच्या पट्टीने. तारेचा ब्रश आणि ॲसिड बिलकुल नको. खालून मातकट, मॅट, तपकिरी-निळसर, उठावाच्या पानांची किंवा मोरांची टाइल निघाली तर पासाडेनाच्या अर्नेस्ट बॅचेल्डरच्या कारखान्याची असू शकते, तिला चकाकी नसते, म्हणून रंग तिच्यात मुरतो आणि काढायला वेळ लागतो. झगझगीत निळा, पिवळा, केशरी निघाला तर मालिबू किंवा कॅटलिना या तेव्हाच्या टाइल-कारखान्यांच्या धर्तीचं काम. मालिबू पॉटरीज फक्त १९२६ ते १९३२ चालली. मालिबूला समुद्राकाठी ॲडमसन हाऊस म्युझियम आहे, तिथे जमिनीवर अख्खा पर्शियन गालिचा टाइल्समध्ये केलाय, कडेच्या झालरीच्या दोऱ्यांसकट. पेंट काढायला बसण्याआधी तिथे एक चक्कर मारून या, म्हणजे खाली काय असू शकतं याचा अंदाज येईल आणि हात आपोआप हळू चालेल. एक टाइल साफ झाली की फोटो पाठवा, पुढचं तेव्हा सांगते.